चुना, माती आणि निगा : अमिरातीतील जुन्या घरांच्या नैसर्गिक लेपांचा इतिहास

भिंतीवरचा रंग ही घराची शोभा होय, अशी आज बहुतेकांची समजूत आहे. दुकानातून डबा आणावा, रंगाऱ्याकडून दोन हात देववावेत आणि पुढची काही वर्षे भिंतीचा विचार मनातून काढून टाकावा, ही आधुनिक गृहस्थाची रीत. ज्या काळी डबाबंद रंग बाजारात नव्हता, त्या काळी मात्र भिंतीवरचा लेप शोभेपेक्षा संरक्षणासाठी अधिक असे. चुना, माती, शेण, जिप्सम, तेल अशा जवळपास मिळणाऱ्या द्रव्यांनी माणसाने आपल्या भिंती झाकल्या. आणि त्या झाकताना एक गोष्ट त्याने गृहीत धरली की, हा लेप झिजणार, व झिजला की तो पुन्हा द्यावयाचा.

अलीकडे पर्यावरणाच्या काळजीपोटी नैसर्गिक रंगांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. अशा वेळी पहिला प्रश्न हमखास निघतो तो हा की, हे रंग टिकतात काय? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच इतिहासातही सापडते. आणि ते शोधावयाचे तर संयुक्त अरब अमिरातीसारखा कठोर परीक्षक दुसरा क्वचितच मिळेल. प्रखर ऊन, खारे वारे, उन्हाळ्यातील दमट रात्री आणि जमिनीतून वर चढणारे मीठ, हे भिंतीचे सारे शत्रू तेथे एकत्र नांदतात. काचेच्या उत्तुंग इमारतींसाठी जो देश आज जगात ओळखला जातो, त्याच देशात शेदीडशे वर्षे व त्याहूनही जुन्या भिंती चुन्याच्या व जिप्समच्या लेपाखाली उभ्या राहिल्या. त्या कशा राहिल्या आणि कोठे ढासळल्या, याचा वृत्तांत बोधप्रद आहे.

मॉरिशसमधील मराठी वाचकाला हा देश वाटतो तितका परका नाही. १८३४ पासून करारबद्ध मजुरांची जहाजे मॉरिशसला येऊ लागली, आणि त्यांतून जी मराठी माणसे आली, त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील कुटुंबे पुष्कळ होती. पुढे १९७० च्या दशकात आखातात तेलाचा पैसा वाहू लागला, तेव्हा त्याच कोकणपट्टीतून माणसे दुबई, अबुधाबी व शारजा येथे कामासाठी जाऊ लागली. एकाच किनाऱ्यावरून निघालेली ही दोन स्थलांतरे होत. पहिल्यातील बहुतेकांना परत जाता आले नाही. दुसऱ्यातील माणूस पैसा साठवून गावी घर बांधतो, आणि ते घर बहुधा सिमेंटचे व डबाबंद रंगाचे असते. म्हणजे ज्या मातीच्या व चुन्याच्या भिंती पूर्वजांनी मागे ठेवल्या, त्या आता मूळ गावीही विरळ होत आहेत. यासाठीच त्या भिंतींची विद्या समजून घेणे अगत्याचे आहे.

आखाताच्या किनाऱ्यावर घर बांधू पाहणाऱ्या माणसाजवळ साधने फार थोडी होती. डोंगर दूर, लाकूड दुर्मीळ, गोडे पाणी मोजके. सामान्य माणसाचे घर खजुराच्या झावळ्यांचे असे. त्यास तेथे अरीश म्हणतात. ज्यांना पक्के घर परवडे, ते उथळ समुद्रातून प्रवाळाचे दगड काढून आणीत. प्रवाळ हा हलका व सच्छिद्र दगड असल्याने घरात उष्णता कमी शिरू देतो. परंतु तो मिठाने भरलेला असतो, म्हणून उघड्यावर ठेवून वाळवून मगच वापरावा लागे. छपरासाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कांदळाचे वासे येत, तर दारे-खिडक्यांसाठी हिंदुस्थानातून सागवान येई. पूर्वेकडील डोंगराळ फुजैरामध्ये दगडाचे बांधकाम होई आणि अंतर्भागातील अल ऐनच्या मरूद्यानांत उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचे. साहित्य निरनिराळे असले तरी त्यावर लेप दिल्यावाचून यांपैकी कोणतीही भिंत फार दिवस उभी राहू शकत नसे.

हे लेप मुख्यतः तीन प्रकारचे होते : चुन्याचा, जिप्समचा आणि मातीचा.

चुन्याची कथा कोकणातल्या माणसाला निराळी सांगावयास नको. चुनखडी, शिंपले अथवा प्रवाळ भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजले म्हणजे त्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना हाती येतो. पाणी घालताच तो उकळतो, फुटतो व विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेऊन हळूहळू तो मूळच्या चुनखडीसारखा होतो. म्हणजे चुन्याची सफेदी ही भिंतीवर बसलेली दगडाची पातळ साय होय. मॉरिशसमध्येही प्रवाळ भाजण्याच्या भट्ट्या किनाऱ्यावर होत्या, आणि साखरेच्या कारखान्यात उसाचा रस निवळण्यासाठी चुनाच लागे. उसाच्या मळ्यावर राबलेल्या पिढ्यांना हे द्रव्य घराइतकेच कारखान्यातूनही परिचित होते.

जिप्समला आखातात जुस्स असे नाव आहे. ते भाजण्यास सुमारे १५० अंश उष्णता पुरते. जेथे सरपणाचीच वाण, तेथे ही गोष्ट फार मोलाची होती. म्हणून घरातील गिलावा, कोनाडे आणि दारांवरच्या नक्षीदार जाळ्या जुस्सच्याच होत असत. मात्र जिप्सममध्ये एक उणीव आहे. ते पाण्यात थोडे विरघळते. एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास. वर्षाकाठी जेथे पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो तेथे ही उणीव चालून जाते. कोकणच्या वा मॉरिशसच्या पावसात ती मुळीच चालली नसती. एका देशात जो लेप टिकाऊ ठरतो तो दुसऱ्या देशात टिकेलच असे नाही, हा यातून निघणारा पहिला बोध.

तिसरा लेप मातीचा. बारीक चिरलेला पेंढा मिसळून मळलेली माती कच्च्या विटांच्या भिंतीवर थापली जाई. पावसाची एखादी जोराची सर आली की ती थोडी वाहून जाई, व वाहून गेलेली जागा पुन्हा लिंपली जाई. कोकणातील कुडाच्या भिंतींना शेणमातीचा पोतेरा देण्याची जी पद्धत होती, तिचेच हे वाळवंटी भावंड म्हणता येईल.

या तिन्ही लेपांत एक समान गुण आहे : ते ओल अडकवून ठेवीत नाहीत. आखाताच्या किनारी प्रदेशात सब्खा नावाची खारट दलदलीची जमीन सर्वत्र आढळते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तसे सच्छिद्र भिंत हे खारे पाणी वर ओढते. भिंतीवर चुना वा माती असेल तर पाणी बाहेर येऊन वाळते, आणि मीठ पृष्ठभागावर लोण्याच्या रूपाने साचते. ते झाडून टाकून नवा हात दिला की झाले. परंतु भिंतीवर घट्ट व अभेद्य आवरण असेल तर पाणी आतच राहते, मिठाचे स्फटिक आवरणाच्या पाठीमागे वाढतात, आणि प्रथम आवरणाला फुगे येऊन पोपडे निघतात, नंतर आतला दगडच भुसभुशीत होऊन गळू लागतो. वरून भिंत चकचकीत दिसत असताना आतून ती खचत असते. जुना लेप स्वतः झिजून भिंतीला वाचवी. नवे कठीण आवरण स्वतः टिकते व भिंतीचा बळी घेते.

या सिद्धान्ताचा पुरावा अबुधाबीच्या कसर अल होस्न या वास्तूत मिळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोड्या पाण्याच्या रक्षणासाठी तेथे प्रथम एक टेहळणी बुरूज उभारण्यात आला. त्याचा पुढे किल्ला झाला, आणि किल्ल्याचा राजवाडा होऊन तो अल नाह्यान घराण्याचे राजपीठ बनला. प्रवाळ व समुद्रातील दगडांच्या त्याच्या भिंतींवर चुना आणि शिंपल्यांची पूड यांचा पांढरा गिलावा असे. उन्हात तो असा झळके की समुद्रावरील खलाशांना तो दुरूनच दिसे. १९३९ मध्ये तेलशोधाचा करार झाल्यावर शेख शखबूत बिन सुलतान यांनी मिळालेल्या उत्पन्नातून १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाड्याचा विस्तार केला. सुमारे पावणेदोनशे वर्षे ही वास्तू जुन्याच पद्धतीने राखली गेली होती.

अशा वास्तू इतरत्रही आहेत. दुबईचा अल फहीदी किल्ला १७८७ चा असून तो त्या शहरातील आजमितीस उभी असलेली सर्वांत जुनी इमारत मानला जातो. १९७१ मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले. खाडीच्या मुखाशी शिंदगा भागात शेख सईद अल मकतूम यांचे १८९६ चे घर आहे. पलीकडे बस्तकिया वस्तीत इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वारा खाली ओढणाऱ्या बुरुजांची घरे बांधली. या बुरुजांना बरजील म्हणतात. शारजातील बैत अल नाबूदा हे मोत्यांच्या व्यापाऱ्याचे घर १८४५ च्या सुमाराचे, आणि त्या व्यापाराचे धागे हिंदुस्थानापर्यंत पोहोचलेले. फुजैरातील अल बिदिया मशीद तर या सर्वांहून प्राचीन. पुरातत्त्वज्ञांनी तिचा काळ १४४६ च्या सुमाराचा ठरवला आहे. चार लहान घुमट आणि त्यांना आधार देणारा मध्यभागी एकच खांब, अशी ही छोटी वास्तू दगड व कच्च्या विटांची असून तिच्यावर गिलाव्याचे व सफेदीचे थर चढलेले आहेत. अल ऐनचा अल जाहिली किल्ला १८९० च्या दशकातला, कच्च्या विटांचा. अल ऐनमधील हफीत, हिली, बिदा बिंत सऊद ही स्थळे व तेथील मरूद्याने यांना २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

या नामावलीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांपैकी कोणत्याही भिंतीवर आरंभीचा लेप आज जसाच्या तसा नाही. अल बिदियाची मशीद साडेपाचशे वर्षे उभी आहे, पण तिची सफेदी साडेपाचशे वर्षांची नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी चुना विरवला, कोणीतरी कुंचा हाती घेतला, म्हणून ती उभी आहे. नैसर्गिक लेप टिकतात काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. लेप थोडा काळ टिकतो; लेप देण्याचा परिपाठ टिकला तर भिंत शतकानुशतके टिकते.

परिपाठ मोडला की काय होते, हे रस अल खैमामधील जझीरत अल हमरा येथे दिसते. प्रवाळाच्या घरांचे हे मोती काढणाऱ्यांचे गाव १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओस पडले. रहिवासी नव्या जीवनाच्या शोधात अन्यत्र, बव्हंशी अबुधाबीकडे, निघून गेले. त्या घरांवर कोणी हल्ला केला नाही, कोणी ती पाडली नाहीत. केवळ लेप देणारे हात नाहीसे झाले. खारे वारे आणि अधूनमधून पडणाऱ्या सरी यांनी गिलावा सोलून काढला, सांधे मोकळे झाले, आणि कित्येक भिंती ढासळल्या. आज ते गाव जतनाचा विषय झाले आहे. पण जे गेले ते पुन्हा आणता येत नाही.

तेलाने जीवनाची गती बदलली. अबुधाबीतून १९६२ मध्ये आणि दुबईतून १९६९ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली. २ डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य स्थापन झाले. वीज, नळाचे पाणी, थंड हवेची यंत्रे आणि काँक्रीट यांचे युग अवतरले. लोकांनी प्रवाळाची घरे सोडली, यात नवल नाही. ज्याने उन्हाळ्यात अशा घरात दिवस काढले, त्याला नव्या घराचे सुख कोण नाकारील? परंतु जुने ते टाकाऊ, ही भावनाही त्याबरोबर आली. १९८० च्या दशकात बस्तकियाचा मोठा भाग पाडण्यात आला, आणि उरलेलाही जाणार होता. १९८९ मध्ये रेनर ओटर या वास्तुविशारदाचे प्रयत्न व इंग्लंडच्या तत्कालीन युवराजांनी दिलेली भेट यांमुळे तो वाचला. आज अल फहीदी ऐतिहासिक वस्ती या नावाने तो जपला जातो.

याच काळात कसर अल होस्नचेही नूतनीकरण झाले. १९७० व १९८० च्या दशकांतील त्या कामात भिंतींवर आधुनिक पद्धतीचा जाड पांढरा गिलावा चढवण्यात आला. वाडा शुभ्र दिसू लागला व लोक त्यास पांढरा किल्ला म्हणू लागले. हेतू प्रामाणिक होता. इमारत कायमची सुरक्षित करावी, अशीच त्यामागची इच्छा. परंतु त्या गिलाव्याने ओल कोंडून धरली आणि आतल्या प्रवाळाची हानी होऊ लागली. शेवटी पुढच्या जतनकार्यात तो आधुनिक थर काळजीपूर्वक उतरवण्यात आला, मूळचे दगड पुन्हा दृष्टीस पडले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये वास्तू लोकांसाठी खुली झाली. दोन-तीन दशकांच्या कायमच्या उपायाने जे बिघडले, ते दुरुस्त करण्यास अनेक वर्षे लागली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, गिलावा काढला की दगड सुखी होतो. तो निष्कर्ष चुकीचा होय, आणि त्याचा दाखला मराठी प्रदेशाच्या सीमेवरच आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका ही जांभ्या दगडाची इमारत इतर चर्चप्रमाणे पूर्वी चुन्याने झाकलेली होती. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, तिचा गिलावा काढून टाकण्यात आला, जेणेकरून दगड प्राचीन दिसावा. तेव्हापासून कोकणच्या मुसळधार पावसाचा मारा उघड्या जांभ्यावर होत आहे व दगड झिजत आहे; तिला पुन्हा चुन्याचा गिलावा द्यावा काय, यावर जाणकारांत वाद चालू आहे. अबुधाबीत नको तो लेप चढला, गोव्यात हवा तो उतरला. भिंतीला दोन्हींचा त्रास झाला. भिंतीहून मऊ, भिंतीला सुसंगत आणि पुन्हा देता येईल असाच लेप तिला हवा असतो.

मॉरिशसच्या वाचकाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर पूर्वज उतरले, त्या आप्रवासी घाटाच्या वास्तूत पूर्वी काही दुरुस्ती अयोग्य पद्धतीने झाली होती. २००६ मध्ये जागतिक वारशात समावेश होण्यापूर्वी ती उलटवून, जुन्या नकाशांच्या आधारे नव्याने काम करण्यात आले. ज्या पायऱ्यांवर लाखो करारबद्ध माणसांचे पाय पडले, त्या पायऱ्यांचे दगडही योग्य साहित्याची अपेक्षा करतात, हे तेथे मान्य झाले.

आता या इतिहासाचा घरगुती उपयोग पाहू. अमिरातीत हरित इमारतींचे नियम आले आहेत. अबुधाबीची इस्तिदामा पद्धती २०१० पासून आणि दुबईतील सर्व नव्या इमारतींसाठी सक्तीचे नियम २०१४ पासून. रंगांतून हवेत मिसळणाऱ्या घातक वाफा मर्यादित ठेवाव्यात, हा त्यांतील एक भाग. दारे-खिडक्या लावून यंत्राने थंड केलेल्या खोलीत जो दिवसाचे कित्येक तास घालवतो, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न श्वासाचा आहे. भारतात खादी व ग्रामोद्योग आयोगाने १२ जानेवारी २०२१ रोजी गाईचे शेण हा मुख्य घटक असलेला प्राकृतिक पेंट बाजारात आणला. डिस्टेंपर व इमल्शन अशा दोन प्रकारांत तो मिळतो. ज्या शेणाने आजीने ओटी सारवली, तेच कारखान्यातून डब्यात आले म्हणावयाचे!

अशा लेपांची निगा राखण्याचे काही नियम अनुभवाने सिद्ध झाले आहेत. चुन्याची सफेदी सच्छिद्र भिंतीवरच धरते. तेलरंग किंवा प्लॅस्टिक रंग दिलेल्या भिंतीवर ती बसत नाही, तेव्हा जुना रंग आधी खरवडला पाहिजे. भिंत ओलसर करून पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात बरे, कारण जाड थर वाळताना तडकतो. कडक उन्हात सफेदी कधी करू नये. चुन्याला दगड होण्यासाठी ओल व वेळ लागतो. उन्हाने तो आधीच वाळला तर हाताला भुकटी लागत राहते. आखातात हे काम हिवाळ्यात व सावलीत करणे शहाणपणाचे. बाहेरच्या भिंतीवर सफेदी साधारण तीन ते पाच वर्षे धरते, जोरदार पावसाच्या ठिकाणी त्याहून कमी. आतल्या भिंतीवर पुष्कळ अधिक. डाग पडला तर घासून धुऊ नये. तेवढ्याच जागी पातळ हात द्यावा. मातीचा रंग घरात उत्तम, आणि त्याची दुरुस्ती तर फारच सोपी : ओला स्पंज फिरवून तेच द्रव्य पुन्हा लावावे. जिप्समचा गिलावा न्हाणीघरात व बाहेर टाळावा. लाकडाला जवसाचे तेल दिले तर ते लाकडात मुरते व पोपडे न धरता झिजते. आखातातील खलाशी जहाजांच्या फळ्यांना शार्कच्या यकृताचे तेल चोळीत, ते याच न्यायाने. लेप कोणताही असो, वर्षातून एकदा भिंतीवरून हात फिरवून पाहावा. लोणा, ओल वा तडा आरंभीच दिसला तर अर्ध्या दिवसाचे काम असते, आणि उशिरा दिसला तर गवंडी बोलवावा लागतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असेही मात्र समजू नये. हरताळ व सफेदा हे जुन्या काळचे मान्यवर रंग, पण एकात सोमल आणि दुसऱ्यात शिसे आहे. कळीच्या चुन्याने डोळे जातात. विरवताना मुलांना दूर ठेवावे लागते. प्रवाळ भाजून चुना करणे तर आज अयोग्यच ठरेल, कारण प्रवाळाचे खडक जगभर संकटात आहेत. बाजारातील डब्यावर पाने-फुले छापली म्हणून आतला रंग नैसर्गिक होत नाही. त्यात रंग धरून ठेवणारे चिकट द्रव्य कोणते आहे आणि तो भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो की नाही, हे विचारून घ्यावे.

त्याचप्रमाणे जुन्या घरांचे गोडवे गाताना सत्य विसरता कामा नये. १९६० च्या आरंभी आलीक्स व कॅरोल ही दोन वादळे मॉरिशसवर कोसळली, तेव्हा गवताच्या व कच्च्या घरांतील असंख्य कुटुंबे उघड्यावर पडली. त्यानंतर त्या बेटाने काँक्रीटचा आश्रय घेतला तो जीव वाचवण्यासाठी, आणि तो योग्यच होता. काँक्रीटच्या भिंती पुन्हा मातीच्या कराव्यात, असे कोणी सुचवणार नाही. परंतु काँक्रीटबरोबर एक कल्पना आली की, घराकडे पाहावे लागू नये हीच घराची उत्तमता. या कल्पनेने नुकसान केले. काँक्रीटलाही तडे जातात, त्यातही मीठ शिरून आतले लोखंड गंजते. आखातातील व मॉरिशसच्या किनाऱ्यावरील पुष्कळ इमारतींची हीच व्यथा आहे. निगा कोणत्याही भिंतीला चुकलेली नाही. ती केव्हा करावयाची हे सांगणारी जुनी घडी तेवढी विस्कटली.

ती घडी सणांनी बसवलेली होती. कोकणात गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी घर झाडून, भिंतींना सफेदी व जमिनीला सारवण होई. पावसाळ्याने केलेली हानी त्या निमित्ताने भरून निघे. समुद्र ओलांडून आलेल्या कुटुंबांनी हा क्रम सोबत आणला. मळ्यावरील तुटपुंज्या निवाऱ्यातही सणाआधी जमीन सारवली जाई आणि चूल लिंपली जाई. हे काम बहुतेक स्त्रियांनी केले, मळ्यातील दिवसभराच्या कष्टांनंतर केले. आणि कोणत्याही नोंदवहीत त्याचा उल्लेख नाही. मजुराचे नाव, क्रमांक, गाव व जहाज सरकारने लिहून ठेवले; त्याच्या घराची भिंत कोणी व कशी राखली, हे कोणी लिहिले नाही.

जझीरत अल हमराच्या घरांप्रमाणे हे ज्ञानही कोणी नष्ट केले नाही. ते देणारे हात एकेक करून नाहीसे होत आहेत. मातीत शेणाचे प्रमाण किती, चुन्यात गूळ, खळ किंवा मीठ का घालावयाचे, नीळ केव्हा टाकावयाची, पहिला हात वाळण्यास किती वेळ द्यावयाचा, हे ज्यांनी स्वतः केले अशा वृद्ध स्त्रिया अद्याप काही घरांत आहेत. अमिरातीला आपल्या भिंतींची विद्या परत मिळवण्यासाठी तज्ज्ञ, प्रयोगशाळा व मोठा खर्च करावा लागला. येथील मंडळांना एक वही, एक लेखणी आणि वडीलधाऱ्या माणसांजवळ घालवलेल्या काही संध्याकाळी एवढ्यावर बरेच काही वाचवता येईल. पुढच्या सणाच्या आधी, घराघरांत साफसफाई सुरू होईल तेव्हाच, या कामास आरंभ करणे सोयीचे ठरेल.